मुद्दाम बिघडवून पाहणारी प्रज्ञा

सुधीरचा फोन आला तेव्हा मी सुपेल्याच्या बाजारात भाजी घेत होते. "काकू, ताई गेली..." एवढंच तो बोलू शकला. प्रज्ञा ही त्याची मोठी बहीण, रिसाली वसाहतीतली आमची शेजारीण. कावीळ झाली म्हणून दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही.

इथल्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेल्या वडिलांची ही मुलगी घरी बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायची. कॉम्प्युटरमधल्या फायलींची दुसरी प्रत जपणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर ती कंपनी बनवते. कुणी बिघाड कळवला की प्रज्ञा तोच बिघाड आपल्याकडे पुन्हा घडवून आणायची आणि दुरुस्तीनंतर तो परत डोकं वर काढत नाही ना, हे दर नव्या आवृत्तीत तपासणारी चाचणी लिहायची. "बिघडवाचीच नोकरी हाय माही, काकू," असं हसत सांगायची.

आई वारल्यानंतर माझा लॅपटॉप बंद पडला. आईच्या आवाजातल्या गावाकडच्या गोष्टी त्यातच होत्या. बॅकअप प्रज्ञानेच बसवून दिला होता, म्हणून मी निर्धास्त होते. पण सगळं परत आणलं तर आईचं फोल्डर रिकामं! प्रज्ञाचा चेहरा उतरला. अशी तक्रार कंपनीकडे पूर्वीही आली होती, पण "आमच्याकडे असं घडत नाही" म्हणून ती बंद केली गेली होती. प्रज्ञा रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसू लागली. तऱ्हेतऱ्हेने करून पाहायची, पण बिघाड काही घडेना.

"आठवा बरं, बॅकअप चालू असताना तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

मी आठवत राहिले... आई गेल्यावर फोल्डरचं 'गोष्टी' हे नाव खोडून मी 'आई' लिहिलं होतं.

तिने खोट्या फायली भरल्या, बॅकअप सुरू केला आणि मध्येच नाव बदललं. फोल्डर रिकामं!

"बिघडलं, काकू! बिघडलं!" ती टाळी वाजवून ओरडली आणि माझ्याकडे लक्ष जाताच ओशाळली.

जुन्या प्रतींमधून बऱ्याच गोष्टी मिळाल्या. आईची शेवटची, दवाखान्यातली गोष्ट मात्र गेलीच. "तुमचं सगळं नाही आणू शकली मी," प्रज्ञा म्हणाली, "पण दुसऱ्या कोणाले असं रडू नाही देणार." त्याच आठवड्यात तिने ती चाचणी लिहिली.

परवा तिच्या टीममधली एक मुलगी पुण्याहून प्रज्ञाच्या घरी भेटायला आली, तेव्हा मीही तिथेच होते. नवी आवृत्ती निघायच्या बेतात होती, ती म्हणाली, आणि प्रज्ञाताईंची ती चाचणी नापास झाली. कुणाच्या तरी नव्या बदलामुळे तोच बिघाड परत आला होता.

"मंग? झाली का पास?" सुधीरने विचारलं.

"अजून नाही. ती पास झाल्याशिवाय आम्हाला पुढे जाताच येत नाही."

तेवढ्यात तिला त्याच कामासाठी ऑफिसचा फोन आला. सुधीरने प्रज्ञाची खोली उघडून दिली. मुलगी तिच्या टेबलाशी बसून कामाला लागली, आणि प्रज्ञाच्या आईने, लेक कामाला बसली की इतकी वर्षं लोटायच्या तसंच, आवाज न करता दार लोटून घेतलं.