पगार हरवला आहे

"एवढी शिकलीस आणि कुत्री सांभाळत बसलीस? पगार काय मिळतो याचा?" आमच्या घरच्या जागरणात माझ्या चुलत्यांनी हे सगळ्या भावकीसमोर विचारलं, आणि सगळी भावकी हसली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, हे मी तेव्हाही मान वर करून सांगत होते, आजही सांगते. शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. पण त्या हसण्याने मनात एक काटा राहिला. पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता, की मी करते ते खरंच कुणाच्या खात्यात जमा होतं का? आई म्हणायची, देव बघतो. मला वाटायचं, देवाला एवढी कामं, तो शहरातल्या लोकांनी टाकलेल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांकडे कशाला बघेल?

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. टीव्हीवर एक जाहिरात आली होती, तिच्यात पग जातीचा एक छोटा कुत्रा एका मुलाच्या मागे मागे फिरायचा. झालं, जो तो पग विकत घेऊ लागला. वर्ष-दीड वर्षात हौस फिटली, की त्याचं घोरणं, गळणारे केस, सारखे बिघडणारे डोळे नकोसे व्हायचे. मग गाडीत घालून आणायचं आणि आमच्याकडच्या रस्त्याला सोडून जायचं. पहिला मला आटगाव स्टेशनच्या मागे खांबाला बांधलेला सापडला. ठाण्याच्या एका बाई अशा कुत्र्यांचं काम बघत, त्यांचा पत्ता लागला. मग शहापुरात आम्ही तिघं जमलो. पद्धत साधी होती. सापडलेला जीव कुणीतरी घरी ठेवायचा, डॉक्टरला दाखवायचा, खाता-पिता करायचा आणि चांगलं घर शोधून द्यायचं. तोंडावरच्या वळ्या रोज ओल्या कापसाने पुसायच्या. उन्हाळ्यात ओलं गोणपाट टाकून द्यायचं, कारण नाक आखूड असल्याने त्याला ऊन सोसत नाही. नवीन घर स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय आम्ही एकही कुत्रा दिला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

बुवा आमच्याकडे आला तो खर्डीच्या बाजूच्या एका बंद फार्महाऊसमधून. मालक पिल्लं विकायचा धंदा करून निघून गेला होता, हा मागे राहिला होता. एका डोळ्यात फूल पडलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पहिल्या दिवशी तो ओटीवर झोपला आणि असा घोरायला लागला, की आई स्वयंपाक सोडून बाहेर आली. "ह्यो तं भजनी बुवा हाय गो! कसा आलाप घेतो बघ." तेव्हापासून तो बुवा. आमचं कुलदैवत खंडोबा. रविवारी आई पहिली भाकर कुत्र्याला घालायची, मग आम्हाला. बुवा आल्यापासून तो मान त्याचा झाला. मी काळजी करत बसले, की ती म्हणायची, "कुत्रा देवाचा हाय. आपल्या हातात निस्तं दावं." दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी. माझ्या हातातल्या साखळीलाही ती दावंच म्हणायची.

बुवाला मुरबाडला घर मिळालं. एक निवृत्त नर्सबाई होत्या, एकट्या राहणाऱ्या. घर मी आधी पाहून आले होते. अंगणात आंब्याची सावली, खिडकीला वाळ्याचा पडदा, बाईंचा हात हलका. मे महिना होता म्हणून मी उजाडायच्या आत निघाले. पण आमच्याकडची जीप माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही. किन्हवलीला ती थांबली, सरळगावला थांबली, आणि मुरबाडला उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. त्यात बाजाराचा दिवस. नर्सबाईंच्या आळीकडे वळणार, तोच समोरून लग्नाची वरात आली आणि बँडवाल्याने माझ्या कानाजवळच ताशा बडवला. बुवाने मागच्या मागे हिसका दिला. साखळीचा हूक निसटला. खाली बघते तर हातात नुसती साखळी. लाल पट्टा गळ्यात घेऊन बुवा माणसांच्या पायांतून दिसेनासा झाला.

अशा उन्हात पग फार वेळ टिकत नाही, हे मला पाठ होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच दुसऱ्यांना सांगत आले होते. मी टोपल्यांच्या मधून, हातगाड्यांच्या खालून हाका मारत फिरले. बाजाराच्या कडेला मारुतीच्या देवळात सप्ता चालू होता, त्यासाठी कर्णा लावलेला होता. मी धापा टाकत गुरवकाकांना गाठलं. ते चांगले वयस्कर, दोन्ही कानांवर केसांची झालर.

"काय हरवलं गो?"

"पग," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"रडू नको. रंग कसा?"

"पिवळट. तोंड काळं. लाल पट्टा आहे."

काकांनी माईक घेतला, त्यावर दोनदा फुंकर मारली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका हो! शहापूरच्या एका ताईंचा पगार हरवला आहे. पाकीट पिवळट आहे, तोंडाला काळं आहे, वर लाल पट्टा मारलेला आहे. सापडल्यास मारुतीच्या देवळात आणून द्यावा. कष्टाचा पगार आहे हो!"

मी जागच्या जागी थिजले. पग हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पोरगी रडते आहे, शब्द अर्धा राहिला, असं समजून त्यांनी तो आपल्या मनाने पुरा केला होता. "काका, पगार नाही, कुत्रा!" म्हणत मी माईककडे धावले आणि तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंग. कर्णा मुका झाला. काका म्हणाले, "आता सांजच्याला येईल."

मी देवळाच्या पायरीवर बसले. करण्यासारखं होतं ते सगळं करून झालं होतं आणि ते सगळं चुकलं होतं. मांडीवर साखळी पडली होती. तिच्याकडे बघताना आईचं बोलणं आठवलं, निस्तं दावं. मी डोळे मिटून खंडोबाला म्हणाले, "तुझा आहे, तूच बघ. माझ्याच्याने होत नाही." मागणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. कुणाच्या हातात वस्तू ठेवून हात मोकळे करावेत, तसं ते होतं.

डोळे उघडले तर सगळा बाजार वाकलेला. खोटं नाही सांगत. बायका लुगडी खोचून टोपल्यांच्या खाली बघत होत्या, रिक्षावाले रिक्षांच्या खाली, भजीवाला कढई सोडून बाकड्याखाली. कुत्र्यासाठी एवढा बाजार वाकला असता का, मला माहीत नाही. कुणाच्या तरी कष्टाच्या पगारासाठी मात्र ओळखदेख नसलेली माणसं उन्हात गुडघ्यांवर आली होती. एक रिक्षावाला माझ्याकडे आला. "ताई, पाकीट कुठं पडलं?"

"पाकीट नाही हो दादा, कुत्रा..."

त्याने पुढचं ऐकलंच नाही. वळून ओरडला, "अरे, पगार कुत्र्यानं नेला! कुत्रा बगा, कुत्रा!"

आता बाजार कुत्र्याच्या मागे लागला. डोळखांबकडून करवंदं घेऊन आलेली एक बाई होती, काळीसावळी, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "कुत्रं काय पन नेलं तं मोरीतच घालतं. माझी चप्पल नेलीवती, ती पन मोरीतच गावली." टोपली शेजारणीच्या हवाली करून ती रस्त्याखालच्या मोरीपाशी गेली. मोरी म्हणजे पावसाचं पाणी जायचा सिमेंटचा पाइप, उन्हाळ्यात कोरडा. तिथून मी दोनदा हाका मारत गेले होते, पण पाइपात वाकून बघावं हे मला सुचलं नव्हतं. ती सरळ पोटावर झोपली आणि डोकं आत घातलं. आतून एक घोगरा आवाज आला. बाई कोपरांवर आणखी आत सरकली. मग आतूनच तिचा आवाज घुमला.

"पिवळा हाय... तोंड काळं... लाल पट्टा..." आणि मग एवढ्या मोठ्याने, की वरातीतली माणसंही वळली, "गो बाय! ह्योच तुझा पगार! भुकतो!"

बाजार हसला. आमच्या घरच्या जागरणातही माणसं हसली होती, पण हे हसणं निराळं होतं. मी मात्र रडत होते. बुवाला तिने पुढच्या पायांखाली हात घालून हळू ओढून काढलं. जीभ निळसर पडली होती, डोळे वर गेले होते. तिने आपल्या कॅनमधलं पाणी न विचारता त्याच्या पोटावर, पंजांवर ओतलं. रिक्षावाल्याने रिक्षा आणली आणि आम्ही नर्सबाईंच्या दारात उतरलो. बाईंनी एक शब्द विचारला नाही. फरशीवर ओलं फडकं अंथरलं, पोट, पाय ओले करत राहिल्या, हातपंख्याने वारा घालत राहिल्या, चमच्याने थेंब थेंब पाणी जिभेवर सोडत राहिल्या. करवंदवाली दारात उकिडवी बसून होती. "वाचल ना गो?" ती सारखी विचारत होती, आणि मी देवाशपथ सांगते, तिला आपल्या करवंदांच्या टोपलीची आठवण राहिली नव्हती. मग एकदम बुवाने डोकं फरशीवर टेकलं आणि तो घोरायला लागला. त्याचा तो आलाप! नर्सबाई घाबरल्या. मी म्हणाले, "बाई, हे चांगलं आहे. आता तो झोपला."

हा चमत्कार होता का, ते मला सांगता यायचं नाही. मी विज्ञान शिकवते. एका म्हाताऱ्या माणसाने शब्द चुकीचा ऐकला, वीज गेली, एका बाईची चप्पल कधीतरी चोरीला गेली होती, एवढंच घडलं. पण मी नीट सांगितलं असतं तर माणसांनी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं असतं, आणि बुवा खाली मोरीतच दगावला असता, हे मी विसरत नाही. माझं बरोबर करण्याआधी खंडोबाने माझं चुकू दिलं, आणि दुरुस्त करायलाही उसंत दिली नाही. त्याबद्दल मी रोज दिवा लावताना हात जोडते. काम मी तसंच करते, हूक आता दोनदा तपासते, पण हातात दावं आहे एवढंच मानते. बुवा नर्सबाईंकडे पुष्कळ वर्षं सुखाने राहिला. त्या एका बाजाराने आम्हाला किती माणसं दिली! मुरबाडला गेले, की भजीवाला अजून लांबून विचारतो, "ताई, नवीन पगार आला काय?" आणि बेवारस पग दिसला, की निरोप येतो, "तुमचा एक पगार आमच्या दारात बसलाय, घेऊन जा."

पुढच्या जागरणाला चुलते पुन्हा आले. तळी भरून झाली, भंडारा उधळून झाला, पानं मांडली, आणि त्यांना पुन्हा तीच लहर आली. "काय मग, झाला का सुरू कुत्र्यांचा पगार?"

मी बोलायच्या आत आई बोलली. तिच्या हातात नुकत्याच आलेल्या एका आंधळ्या पगसाठी काढलेली पहिली भाकर होती. ती तिने त्याच्यापुढे मोडून ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या पदवीदिवशीची तिची नजर आठवली.

"झाला ना भावजी," ती म्हणाली. "देवाच्या घरचा हाय. पिवळा, तोंड काळं. बगा ना, भाकर खातो."