पार्लरबाईंचं नाक

पार्लरबाईंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: ज्यांना स्वच्छता कळत नाही ती, आणि ज्यांना ती कळते असं उगाच वाटतं ती. तिसऱ्या प्रकारात त्या एकट्याच. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याच्या केसांवरून नजर फिरवून त्या म्हणत, "अंगाच्याच साबणानं धुता ना? दिसतंय."

नवरा गाडी शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबायचा आणि घरी आला की स्वतःच्या जिभेवर. बायकोला न विचारता त्यानं आयुष्यात एकच गोष्ट केली होती: लोंबत्या कानांचा कुत्रा, ढोल्या, घरी आणला. बाई त्याला 'ते ध्यान' म्हणत. कधीकधी नवऱ्यालाही तेच म्हणत. कुणाला म्हणाल्या ते मानेच्या झटक्यावरून ओळखायचं.

ढोल्याला कुठल्याही कुत्र्याला असतो तेवढाच वास होता. पण पार्लर घराच्याच पुढच्या खोलीत. एका गिऱ्हाइकानं नाकाला रुमाल लावला आणि बाईंना मिरच्या झोंबल्या.

"मीच धुते त्याला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही राहू द्या. तुम्हाला स्वतःच्या मानेवरचा मळ दिसत नाही."

केस रंगवताना गिऱ्हाइकांच्या कानांत घालत तसे त्यांनी ढोल्याच्या कानांत कापसाचे बोळे घातले. बोळा त्या स्वतः वळत, टोकाला उलटा पीळ देऊन. "माझा बोळा पाण्याला दाद देत नाही," हे शिकायला येणाऱ्या मुलींना रोज ऐकावं लागे. आंघोळीनंतर ढोल्यानं अंग झटकलं. एक बोळा बादलीमागे सापडला. दुसरा शोधत बसायला बाई काही रिकामटेकड्या नव्हत्या.

थोड्याच दिवसांत घरात आंबूस, कुजका वास सुटला. बाईंनी ढोल्याचं अंथरूण उकळलं, खाणं बदललं, दिवसाआड आंघोळ सुरू केली, दर वेळी नवे बोळे घालून. वरून अत्तर फवारलं. उकिरड्यावर गालिचा अंथरावा तसं झालं. ढोल्या खाजवून खाजवून सोलपटला. एका कानाला तर हात लावू देईना.

"मस्ती आलीय," बाई म्हणाल्या. "जातच घाणेरडी. उद्याच्या उद्या हलवा त्याला. नाहीतर मी जाते."

नवऱ्यानं ढोल्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ब्रेक दाबला. गावाबाहेरच्या गोदामाचा राखणदार कुत्रं घ्यायला तयार होता. डॉक्टरांना दाखवून आणा, एवढीच त्याची अट. बाईही गाडीत बसल्या. "तुमचा काय भरवसा? वाटेत लपवून ठेवाल कुठे तरी."

जनावरांच्या डॉक्टरांनी ढोल्याचं अंग हुंगलं, मग लोंबता कान उचलून आत हुंगलं. "वास अंगाला नाही हो, कानाला आहे," म्हणत त्यांनी चिमटा आत घातला. ढोल्या विव्हळला. बाहेर आला तो काळा पडलेला, चिकट बोळा. टोकाला उलटा पीळ.

"कानात कापूस कुणी कोंबला?" डॉक्टरांनी विचारलं.

तो पीळ नवरा वर्षानुवर्षं बघत आला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"असेल कुणी शिकाऊ," तो म्हणाला.

डॉक्टर कानात औषध घालायला वाकले, आणि ढोल्याचा कान वर धरायला पुढे झालेला हात बाईंचा होता.

"इतक्या आंघोळी घालू नका," डॉक्टर म्हणाले. "कातडीची पार वाट लागलीय. आणि कान कोरडे ठेवा."

"एवढे दिवस कानात बोळा घेऊन फिरलं," बाई पुटपुटल्या, "आणि आम्ही आपले अत्तर मारतोय!"

परतताना ढोल्यानं औषधानं माखलेला कान बाईंच्या इस्त्रीच्या पदरावर टेकवला. त्यांनी नाक मुरडलं, पण कान काही हलवला नाही. चौकात नवऱ्यानं गोदामाच्या रस्त्याला लागायचं म्हणून गाडी हळू केली.

"इकडे कुठे?" बाई खेकसल्या. "घर डावीकडे आहे. म्हणे गाडी शिकवतात!"