गोळी थांबवली तर?

“डॉक्टर, ही गोळी थांबवली आन् परत अंगावरनं वारं गेलं, तर?” हौसाबाईंनी विचारलं.

समोर कॉटवर त्यांचे मालक, पळसदेवचे नामदेवतात्या, तापानं फणफणले होते. घसा इतका सुजलेला की थुंकीही गिळवत नव्हती.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत फिजिशियन होतो. उजनीच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या तात्यांना आधी एक स्ट्रोक येऊन गेला होता, उजवी बाजू लुळी पडून सावरली होती. दुसरा येऊ नये म्हणून मी ॲस्पिरीन दिली. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटू नयेत यासाठी ही गोळी. पण तात्यांना पोटात अल्सर झाला, त्यातून रक्त जाऊन शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. मग बदलून टिक्लोपिडीन दिली. काम तेच, अल्सरचा धोका कमी. पण तिचा एक वेगळाच धोका होता. एखाद्याच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच अचानक घटतात. म्हणून सुरुवातीला दर पंधरवड्याला रक्त तपासावं लागतं.

पहिला रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्या तपासणीला तात्या आलेच नाहीत. आले ते थेट असे तापात.

“का आला नाहीत?”

“बरं वाटत हुतं की,” तात्या कसेबसे म्हणाले. “जाळं टाकून हितं कसं यायचं?”

रक्त तपासायला पाठवलं होतं, लॅबमधून फोन आला. “सर, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. पुन्हा मोजून बघितल्या.”

मी हौसाबाईंना म्हणालो, “गोळी आत्ताच बंद. अंगावरनं वारं कदाचित जाईल, पण जंतू आलेलेच आहेत.”

आणखी जंतू लागू नयेत म्हणून वेगळी खोली, शिरेतून अँटिबायोटिक. हौसाबाई रोज सकाळी तात्यांना उजवा हात वर करायला लावायच्या. एकदा त्या ओरडतच बाहेर आल्या, “हात उठंना वो!”

मी धावलो. “तात्या, हसा. पाय उचला. नाव सांगा.”

तोंड सरळ, पाय उचलला, बोलणं स्पष्ट. सलाईन शिरेबाहेर जाऊन हात सुजला होता, एवढंच. मी तिथंच स्टुलावर बसलो.

हळूहळू पेशी वाढल्या, ताप उतरला. अल्सरही भरला होता. मग पुन्हा ॲस्पिरीनच दिली, कमी डोसची, सोबत ॲसिडचं औषध. पुढं कित्येक वर्षं तात्या मासे धरत राहिले.

पुस्तकात नवी गोळी सरस होती. पण तिच्यासाठी दर पंधरवड्याला पळसदेवहून बारामती गाठावी लागायची. हे पुस्तकात नव्हतं.