सोपानआबांची विनंती

आमच्या लासुर्ण्यातले सोपानआबा माइक हातात घेण्याआधी पायातल्या चपला काढत. लग्नात पाहुण्यांची नावं पुकारायचं काम त्यांनी हयातभर केलं, तेही हौसेनं. "या", "बसा" असं ते माइकवर कधी म्हणत नसत. "यावं ही विनंती", "स्थानापन्न व्हावं ही विनंती". पंगतीतल्या वाढप्यांनासुद्धा विनंतीच. आम्ही पोरी त्यांना "विनंतीआबा" म्हणून चिडवायचो. ते म्हणत, "हुकूम बसूनबी सोडता येतो गं. विनंतीला उभं ऱ्हावं लागतं."

असा माणूस चुकला तो नेमका माझ्या लग्नात.

बारामती रस्त्यावरचं कार्यालय, मुहूर्त टळत आलेला, त्यात एक बडे पुढारी दारात उतरले. आबांची धांदल उडाली. आमच्याकडं नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. आबा माइकवर ओरडले, "मामा कुठं हाय? नवरीला आणा लवकर!"

माझे मारुतीमामा डाळजचे, मानपानात एकदम कडक. ते तडक उठले आणि बाहेर जीपमध्ये जाऊन बसले. आई रडली, वडिलांनी हात जोडले; मामा हलेनात. मुंडावळ्या बांधून मी खोलीच्या खिडकीतून बघत होते. मला राग मामांपेक्षा आबांचाच जास्त आला होता.

शेवटी आबा स्वतः जीपपाशी गेले. "मारुतीराव, विनंती हाय. चला."

"हाक मारली चारचौघांत, गड्याला मारावी तशी," मामा म्हणाले, "आन् विनंती हितं कोपऱ्यात व्हय?"

"तुमचं खरं हाय," म्हणून आबा माघारी फिरले.

स्टेजवर पुढाऱ्यांच्या सत्काराची शाल उलगडून झाली होती. आबांनी ती तशीच थांबवली आणि माइक घेतला. "माझं चुकलं. नवरीचे मामा मारुतीराव यांनी नवरीला घेऊन यावं, ही विनंती." मामा आले, त्यांनी माझा हात धरला. अक्षता वेळेवर पडल्या. पुढारी मात्र शाल न घेताच निघून गेले.

त्यानंतर मोठ्या घरच्या लग्नांत आबांना कुणी बोलावेना. शेरोशायरी करणारे नवे निवेदक आले. आबांच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तेव्हा विचारलं, "आबा, सत्कार आधी उरकला असता तर? दोन मिनिटांचा तर प्रश्न होता."

"आगं, पुढाऱ्याला शाल रोजच मिळती," ते म्हणाले. "तुझं लगीन एकदाच व्हतं."

पाठवणीला मला रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं.