साठातला एक छर्रा

आमच्या साडूंइतका स्थिर हात साऱ्या हिंदुस्थानात शोधून सापडायचा नाही, आणि घरकामाला त्यांच्याइतका बिनकामाचा माणूस साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडायचा नाही. दोन्ही गोष्टींना कारण एकच, त्यांचा उजवा हात. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान फौजेत सुभेदार आहेत. दहा मीटरवरच्या कागदावर पिस्तुलानं नेम मारणं हीच त्यांची नोकरी, आणि त्या नेमाच्या जोरावर ते ऑलिंपिकला जाऊन आलेले आहेत. पण सुट्टीत आमच्याकडे घुग्घुसला आले, की पाण्याची बादली उचलणार डाव्या हातानं, भाजीची पिशवी धरणार डाव्या हातानं, आणि कुणी कौतुकानं हात मिळवायला पुढे झाला की दोन्ही हात जोडून मोकळे होणार. सिलिंडर तर मीच उचलायचा, माझ्या कमरेत भरलेली उसण घेऊन. वर मलाच समजावणार, "भाऊ, हा हात सरकारचा हाय. मी फक्त सांभाळून राह्यलो."

हा हात त्यांनी स्वतःच्या लग्नातही सांभाळला. आठ दिवसांवर निवड चाचणी आली होती आणि हळदीच्या धिंगाण्यात कुणीतरी त्यांचा उजवा खांदा ओढला होता. नवरीला घास भरवायची वेळ आली आणि या गृहस्थानं भर मांडवात डाव्या हातानं जिलेबी पुढे केली! बायांच्या घोळक्यातून "अव माय!" असा एकच सूर निघाला. सासरेबुवांचा चेहरा उतरला. माझी बायको मला कोपरानं ढोसू लागली, जणू ती जिलेबी मीच धरली होती. माझ्या मेव्हणीनं मात्र तो घास शांतपणे खाल्ला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात कोनताबी असो, जिलेबी तं गोडच हाय." त्याच क्षणी मी ओळखलं, या पोरीचं यांच्याशी निभणार.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे चहा न पिणं. स्पर्धा महिन्या-दोन महिन्यांवर आली की चहा बंद. नाडी वाढते म्हणे, आणि नाडीचा ठोका हातात उतरतो. आता आमच्या भागात पाहुण्यानं चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणंच. एकदा आम्ही दोघं साडू जोडीनं अहेरीला सासुरवाडीला निघालो होतो. वाटेत जंगलातल्या नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली आणि मागच्या सीटवरची पेटी उघडायला लावली. आत स्पंजात निजवलेलं पिस्तूल! चार पोलीस खाडकन मागे सरकले. नक्षल्यांच्या त्या मुलखात ते सरकणारच, त्यांचा काय दोष? साडूंनी सावकाश कागद काढले, हे हवेवर चालणारं पिस्तूल आहे, यातून चण्याएवढा छर्रा सुटतो, कागदाला भोक पाडतो, बस, असं सारं समजावून सांगितलं. त्यातला वयस्कर जमादार पिस्तूल न्याहाळत म्हणाला, "मंग याच्यानं मरते कोन?"

"कोनीच नाई मरत साहेब," साडू म्हणाले, "वीस वर्षांपासून मीच मरून राह्यलो."

नाक्यावर एवढा हशा पिकला की जमादारानं खुशीत चहा मागवला. साडूंनी हात जोडले, "नाई घेत." झालं! हसणारे चेहरे परत गंभीर झाले आणि जमादारानं सारे कागद पुन्हा पहिल्यापासून तपासले. दोघांचा चहा मी प्यालो, तेव्हा कुठे आमची सुटका झाली.

आणि तो रिकामा सराव! पिस्तुलात छर्रा न घालता भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचा, आणि बोट इतक्या हळू मागे न्यायचं की घोडा पडल्याचं त्यांचं त्यांनाही कळू नये. नुसतं 'टिक'. रोज तास-दीड तास हेच. आमच्या स्वयंपाकघरासमोरच्या भिंतीवर त्यांनी असा एक ठिपका काढून ठेवला आहे. दुपारी दोनला कोळशाच्या खाणीत ब्लास्टिंग होतं. मी खाणीच्या टाइम ऑफिसात आहे, मला त्याची सवय. पण त्या वेळी घरातली भांडी थरथरतात, छपरावरची काळी धूळ ताटात पडते. साडू नेमके दोनच्या ठोक्याला नेम धरून उभे राहायचे. घर हलायचं, भिंत हलायची, ठिपका हलायचा, हे हलायचे नाहीत. शेजारच्या काकू एकदा खिडकीतून तो प्रकार पाहून गेल्या आणि माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "तुह्या बहिनीच्या नवऱ्याले दाखवून आन वं कुठीतरी."

गावची मंडळी तर त्यांच्यावर कायमची नाराज. कोरपन्याजवळच्या त्यांच्या गावात रानडुकरं कपाशीचा सत्यानाश करतात. दर सुट्टीत कुणी ना कुणी येऊन बसणारच, "सुभेदार, एक डाव चला ना वावरात." हे नाही म्हणणार. एक तर कायद्यात ते बसत नाही, आणि दुसरं म्हणजे यांनी आयुष्यात मुंगी मारलेली नाही. भरतीनंतर पहिल्यांदा रायफल हाती दिली तेव्हा यांच्या साऱ्या गोळ्या एका रुपयाखाली झाकतील इतक्या जवळ लागल्या. उस्तादांनी विचारलं, पहिले कभी कुछ चलाया है? हे म्हणाले, "नाई साहेब. गुलेलपन नाई. माय पाखरं मारू देत नव्हती." तर गावात लोक चिडवायचे, फौजेचा नेमबाज अन् साधं डुक्कर मारता येत नाई? हे शांतपणे सांगायचे, "डुकराले म्हना, दहा मीटरवर येऊन सव्वा तास उभा राह्य. मंग पाहू."

असा हा माणूस ऑलिंपिकला गेला तेव्हा आम्ही घुग्घुसमध्ये फटाके आणून ठेवले होते. मोबाइलवर सारं दिसत होतं. साठ छर्रे, सव्वा तास. निम्मी स्पर्धा झाली तोवर आमचे साडू पहिल्या आठात होते, आणि पहिले आठ म्हणजे अंतिम फेरी. माझ्या बायकोनं देवापुढे दिवा लावला. आणि मग एकाएकी त्यांचं नाव खाली घसरलं ते पार तळाशी गेलं. आम्हाला वाटलं मोबाइल बिघडला. फटाके आजही माळ्यावर आहेत.

साडू परत आले ते दोन महिन्यांची सुट्टी घेऊन. घुग्घुसला उतरले, पिस्तुलाची पेटी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "ठेवून द्या भाऊ कुठीतरी. मले नोका दाखवू." मी ती कपाटावर ठेवली. त्या दिवशी त्यांनी उजव्या हातानं पाण्याची बादली उचलली. बाथरूमपर्यंत नेली, मोरीपर्यंत नेली, मग सिलिंडरही उचलला. ज्या बादलीपायी मी त्यांना इतकी वर्षं शिव्या दिल्या, ती त्यांच्या उजव्या हातात पाहवेना. रात्री जेवल्यावर त्यांनी दोन वेळा चहा मागितला.

आठवड्यानं गावाहून मेव्हणीचा फोन आला; साडू तोवर तिकडे गेले होते. "भाऊजी, सुट्टी संपाच्या आत त्याइले लिहून द्या लागते म्हनतात, नेमबाजीत राह्यते का परत पलटनीत जाते. हे म्हनते, सोडून देतो. पेटीचं नावच काढू देत नाईत. बोलतही नाईत काऊन तसं झालं ते. वीस वर्षं या मानसानं दुसरं काहीच केलं नाई भाऊजी. हे सोडलं तं राह्यते काय त्याइचं?" मी काय सांगणार होतो? टाइम ऑफिसातला माणूस मी, मला हजेरी लावता येते. तरी कोरपन्याला चकरा मारल्या, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. साडू "हो भाऊ, नाई भाऊ" करत राहिले. सुट्टीचे दहा दिवस उरले.

त्यातच गावानं सत्कार ठेवला. हरो की जिंको, गावातला पहिला माणूस तिथं जाऊन आला ना, मग सत्कार झालाच पाहिजे! शाळेच्या पटांगणात मांडव, सतरंज्या, लाउडस्पीकर. पुढे बायांमध्ये साडूंची माय बसलेली, पंचाहत्तरीला टेकलेली, डोक्यावर पदर. सरपंचांनी भाषण ठोकलं. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या सुभेदाराला तिकडच्या लोकांनी मुद्दाम खराब पिस्तूल दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेच सोयीचं होतं. मलाही तेच सोयीचं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

साडू उठले. खिशातून काहीतरी काढून त्यांनी तळहातावर धरलं. एवढंसं, कुणाला दिसेना. "पिस्तूल चांगलं होतं," ते म्हणाले. "माह्यंच होतं. हा छर्रा हाय. खेळाच्या आधी मी साठ छर्रे मोजून ठेवले होते. खेळ संपला तं हा एक उरला. मधात एकदा मी पिस्तुलात छर्रा टाकाचाच विसरलो. नुसती हवा सुटली. त्याचं शून्य देते. घरी रिकामं चालवाची सवय ना, हातानं तसंच केलं. कोनी काही खराब दिलं नाई. माह्यीच चूक हाय."

सरपंच चष्मा पुसू लागले. मला वाटलं, संपलं आता. हा माणूस उद्याच कागद लिहून देणार. आणि तेवढ्यात माय उठली. गुडघ्यावर हात ठेवून, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि लाउडस्पीकर-बिउडस्पीकर काही न घेता बोलू लागली.

"तुहा बाप गेला त्या साली मी ज्वारी पेराले गेली. तू रांगत होता. तुहा काका तिफन हाकत होता अन् मी मांगून सरत्याच्या नळीत बियाची मूठ सोडत होती. डोळ्यात पानी, समोरचं काही दिसे ना. ओटीतलं बी कवाच सरलं होतं, अन् मी आपली ओटीत हात घालो अन् सोडो, ओटीत हात घालो अन् सोडो. रिकामीच मूठ. आठ दिवसानं सारं वावर उगवलं अन् मधात एक तास, अख्खी एक ओळ, बोडखाच्या बोडखा. सारं गाव हासलं." ती थांबली, तिला दम लागला होता. "मंग मी काय पेरनं सोडलं का रे? त्याच वावराचे दाने खाऊन तू मोठा झाला ना?"

मागून कुणीतरी सिमेंटच्या ट्रकवरचा ड्रायव्हर ओरडला, "मी तं रिकामाच ट्रक घेऊन निंगालो होतो माय, वजनकाट्यावर गेल्यावर समजलं!" आणि मांडव जो हसत सुटला, तो हसतच राहिला. कुणी काय विसरलं, कुणाची बायको काय विसरली, सारं निघालं. सरपंच चक्क स्वतःच्या पोराच्या लग्नाची तारीख विसरल्याचं सांगून मोकळे झाले. त्या गोंधळात साडू स्टेजवरून उतरले आणि मायजवळ सतरंजीवर जाऊन बसले. ती त्यांच्याकडे न बघता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझी मेव्हणी पदरात तोंड घालून रडत होती, आणि मी, उगाच मांडवाचा खांब तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साडू घुग्घुसला माझ्या दारात उभे. "पेटी द्या भाऊ." मी कपाटावरून पेटी काढून दिली. चहा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सुट्टी संपली तशी आम्ही सारे त्यांना बल्लारशाला गाडीवर पोचवायला गेलो. माय हट्टानं आली होती. गाडी हलली, साडू दारातून हात हलवत दिसेनासे झाले. मेव्हणी पुढे गेली, आणि मी मायला धरून हळूहळू फलाटावरून चालू लागलो. पुढच्या निवडीला साडूंचं वय चाळिशीला लागलेलं असेल, समोर कोवळ्या डोळ्यांची पोरं असतील, हे मला ठाऊक होतं. मायला ते कशाला सांगायचं?

"आता ते खेळ परत कवा हायेत?" तिनं विचारलं.

"चार वर्षांनी, माय. पण आधी निवड व्हावी लागते. नक्की नाही काही."

ती थांबली. बोटावर काहीतरी मोजलं. "म्हंजे चार पेरन्या."

"हो. चार."

"राहीन मंग तवरिक," माय म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरून जिना चढू लागली.