मडक्यातला उडीद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — कारण तुम्ही मला ओळखत नाही.

एकाहत्तर-बाहत्तर साली कोल्हापुरात आमचं एक चर्चामंडळ होतं. आम्ही नऊजण. दर रविवारी आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं; तिथं बोललेलं बाहेर न्यायचं नाही. नवा सभासद घ्यायचा तर प्रत्येकानं मडक्यात एक दाणा टाकायचा. ज्वारी म्हणजे हो, उडीद म्हणजे नाही. चिठ्ठीवरचं अक्षर ओळखू येतं, दाणा कुणाचा हे कसं कळणार? एक जरी उडीद निघाला तरी प्रवेश नाही.

दिनकर कांबळेचं नाव मीच सुचवलं. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. त्याच्या वडिलांनी बौद्ध धर्म स्वीकारलेला. त्याच्याइतकं वाचणारा शाळेत दुसरा नव्हता. मंडळातले वकीलसाहेब तेवढे उघड म्हणाले, "मास्तर, माणूस चांगला हाय, पण घराघरांत बसायचं म्हटल्यावर बायकामाणसं काय म्हणतील?" मी त्यांना तिथंच झापलं. समता, माणुसकी — काय काय बोललो!

मग मडकं फिरलं.

पुढचा रविवार माझ्या घरी होता — हे मला मुठीत दोन्ही दाणे धरल्यावर आठवलं. दिनकर माझ्या दारात किती वेळा आला असेल! उंबऱ्याच्या आत मी त्याला कधी बोलावलं होतं? आईचं नाव पुढं करता येईल. पण तिला मी विचारलंच नव्हतं. मी — मी उडीद टाकला.

मडकं उपडं केलं. आठ ज्वारी, एक उडीद. सगळ्यांनी वकीलसाहेबांकडं पाहिलं.

"आईशप्पत, मी ज्वारीच टाकली की!"

कुणी मानलं नाही. महिन्याभरात त्यांनी येणं सोडलं. ते खरं बोलत होते, हे त्या खोलीत त्यांच्याखेरीज मला एकट्यालाच माहीत होतं. आणि मी काय केलं? सगळ्यांबरोबर त्यांच्याकडंच बघत राहिलो.

दिनकरला मीच कळवलं; वकीलसाहेबांशी भांडलो तेही सांगितलं. तो हसला. "जाऊ दे रं. आठजण हो म्हणाले न्हवं? त्यात तू हाईस, बास की!"

पुढं हुपरीला बदली झाल्यावर त्यानं स्वतःचं मंडळ काढलं. मडकं नाही, येईल तो बसेल. गेल्या वर्षी त्यानं मला बोलावलं. आधी घरात नेऊन शेजारी बसवून जेवू घातलं. मग सर्वांसमोर माझी ओळख करून दिली — "ह्यो माझ्यासाठी भांडलेला, ज्वारी टाकणारा मित्र!"

टाळ्या वाजल्या. मी उभा राहून हात जोडले.