राष्ट्राध्यक्षाच्या बरणीत हात

शेजारच्या इंग्रज आजींची बरणी रिकामी परत करायची नाही, म्हणून मी ती बेसनाच्या लाडवांनी भरली.

बरणी साधी नव्हती. एकोणिसाव्या शतकात इथल्या स्टॅफर्डशरच्या चिनी मातीच्या भट्ट्यांमधून अमेरिकेत विकायला असा माल जायचा. वर काळ्या शाईत तिकडचा पहिला राष्ट्राध्यक्ष छापलेला. ज्या इंग्रजांशी लढून तो मोठा झाला, त्यांनीच त्याचं तोंड छापून त्याच्याच देशाला विकावं, या धंदेवाईकपणाचं मला भारी कौतुक. आजींचे खापरपणजोबा त्या भट्टीवर कामाला होते. ही बरणी काठाजवळ तडकली, म्हणून बोटीत न चढता घरी आली. आता ती म्युझियमने घ्यावी, त्यांच्या हातचं काहीतरी काचेमागे नीट राहावं, एवढीच आजींची इच्छा. फोटो काढून देतो म्हणून मीच हौसेने ती आमच्या फ्लॅटमध्ये आणली होती.

"लाडू डब्यात दे की," बायको म्हणाली होती. ऐकतो कोण! चिनी मातीची बरणी दिसल्यावर आपल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मी बरणी आजींच्या घरी नेऊन दिली. त्यांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा! काढा ते सगळं. म्युझियमच्या बाई येतीलच आता."

मी हात घातला. आत सुरळीत गेला, बाहेर येईना. ओढावं तर तडा वाढायचा, आपटणं तर शक्यच नाही. "हलू नका!" आजी ओरडल्या, तसा मी श्वासही बेताने घेऊ लागलो. राष्ट्राध्यक्ष माझ्या कोपराकडे गंभीरपणे बघत होता. डाव्या हाताने बायकोला फोन लावला. ती भांडी घासायचं लिक्विड घेऊन धावत आली. "अरे, तू लहान आहेस का?" म्हणत तिने अर्धी बाटली मनगटावर रिकामी केली. मनगट चकचकीत झालं, पंजा जिथल्या तिथे. हा जन्म आता आजींच्या सोफ्यावरच काढायचा, अशी मी मनाची तयारी केली.

तेवढ्यात बेल वाजली. म्युझियमच्या बाईंनी शेकहँडला हात पुढे केला. मी बरणी पुढे केली.

त्यांनी वाकून पाहिलं. "आत काय आहे?"

"लाडू. आमच्याकडची मिठाई."

"आणि तुमच्या मुठीत?"

"त्यातलाच एक."

आजी म्हणाल्या, "या बरणीवरच्या माणसाने राष्ट्राध्यक्षाची खुर्ची आपण होऊन सोडली. आणि तुमच्याच्याने एक लाडू सुटेना?"